एकच मासा, गावोगावी वेगळे नाव

दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातले गाव. काळ्या रानाचे, कापसाचे आणि जमेल तेथे उसाचे. गोदावरी इथून दूर, सिंदफणाही हाकेच्या अंतरावर नाही. एकंदर बीड जिल्हाच पाण्याच्या बाबतीत नशिबाचा कच्चा. तरी मासा इथल्या माणसाला परका नाही. जिल्ह्याची उत्तरेची शीव गोदावरीनेच आखली आहे. पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावलेली सिंदफणा माजलगाव तालुक्यातून वाहत मंजरथला गोदावरीला मिळते. त्यात १९८७ साली सिंदफणेवरचे माजलगावचे धरण पुरे झाले आणि नदीचा मासा तळ्याचाही झाला. आता पंचक्रोशीतल्या आठवडी बाजारात, भाजीच्या ओळी संपल्या की कडेला, ओल्या गोणपाटावर मासळी मांडलेली दिसते.

तिथे पाच मिनिटे उभे राहावे. मासळी घ्यायची नसली तरी चालेल, नुसती नावे ऐकावीत. मरळ, वाम, शिवडा, शिंगटा ही आपल्या मातीतली नावे. रोहू, कटला, मृगळ ही उत्तरेकडून मत्स्यबीजाबरोबर आलेली. चिलापी हे तिलापियाचे आपण केलेले बारसे. हा मूळचा आफ्रिकेचा मासा, १९५२ साली सिलोनमार्गे भारतात आला आणि आज कोणत्याही तळ्यात सापडतो. आणि सर्वांत गंमत सायप्रिनसची. हे नाव ना मराठी, ना हिंदी, ना इंग्रजी. ते आहे लॅटिन! शास्त्रज्ञांनी पोथीत लिहिलेले नाव सरकारी मत्स्यबीज केंद्रातून निघाले आणि थेट आपल्या बाजारात येऊन बसले. इंग्रज लोक या माशाला कॉमन कार्प म्हणतात. आपल्याकडे मात्र मासळीवाली मावशी बिनदिक्कत लॅटिन नावाने भाव सांगते.

एकाच माशाला किती नावे असावीत? आपली मरळ घ्या. तेलंगणात तिला कोर्रमीनू म्हणतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुन्या माणसांच्या कानावर हे नाव असे. तमिळ मुलुखात ती विराल, हिंदीत सौल. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांनी तिला मरल म्हटले. ते ऐकताच आपल्याला ओळख पटते. शिवड्याला हिंदीत पढीन, बंगालीत बोआल. साहेबाने त्याचा जबडा आणि दात पाहून त्याला गोड्या पाण्यातला शार्क ठरवले. कटल्याला आंध्रात बोच्चे आणि ओरिसात भाकुर म्हणतात.

हा नावांचा गोंधळ निस्तरावा म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. स्वीडनच्या लिनियस नावाच्या पंडिताच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्रत्येक प्राण्याला जगभर चालणारे एकच दुहेरी नाव देण्याची पद्धत पक्की झाली. जो पहिल्यांदा नीट वर्णन करून नाव छापील, त्याचे नाव कायम. पण नाव ठेवायचे म्हटले तरी शब्द लागतातच. मग ज्या मुलुखात मासा सापडला तिथल्या कोळ्या-भोयांना विचारून साहेबांनी नावे उचलली. बुकॅनन-हॅमिल्टन नावाच्या डॉक्टराने १८२२ साली गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा रोहिता, कटला, मृगला ही नावे बंगाली बोलीतून थेट शास्त्रात गेली.

आपल्या दख्खनच्या वाट्यालाही असा एक साहेब आला. विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. गावे किती, पीक काय, सारा किती हे लिहिता लिहिता त्याने पक्षी आणि मासेही लिहून घेतले. १८३१ साली तो मायदेशी परतला आणि १८३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्राच्या सभेपुढे त्याने दख्खनच्या माशांचे टिपण मांडले. भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांतले हे मासे. त्याने त्यांना दिलेली नावे वाचताना मराठी माणसाला हसू आल्यावाचून राहात नाही. गोग्रा म्हणजे आपला घोगरा. सींगटी म्हणजे शिंगटी. मुल्या म्हणजे मळ्या, दगडाला चिकटून राहणारा तो लहान मासा. कोलस म्हणजे कोळस. आणि नुक्टा म्हणजे काय, हे कोणीही सांगेल: नकटा! या माशाच्या कपाळाला मध्ये खाच असते आणि पुढे टेंगूळ आलेले असते, म्हणून हे नाव. अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या माशांच्या अभ्यासकालाही हा मासा सांगायचा झाला तर त्याला 'नुक्टा' असेच लिहावे लागते. भीमेकाठच्या कुण्या अनाम भोयाने उच्चारलेला शब्द असा जगभर गेला. भोयाचे नाव मात्र कुठे नोंदलेले नाही. नकट्याच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, तसे या माशाचेही झाले आहे. कृष्णेच्या खोऱ्यात तो आता फार थोडा उरला आहे.

ही पद्धत पुढे आपल्या माणसांनीही चालवली. चि. वि. कुलकर्णी हे आपले मत्स्यशास्त्रज्ञ. त्यांनी १९५२ साली कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका लहान माशाचे शास्त्रीय नाव ठेवले 'खवलचोर'. हा मासा खरोखरच दुसऱ्या माशांच्या अंगावरची खवले ओरबाडून खातो. याच्याहून नेमके नाव लॅटिनमध्ये तरी कुठे मिळाले असते?

आता इथवर सगळी मौज झाली. पण नाव चुकले म्हणजे काय होते, त्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तीही साइक्ससाहेबाच्या दोन मराठी नावांचीच.

पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत त्याला एक मोठ्या खवल्यांचा मासा मिळाला. त्याचे नाव त्याने लिहिले खुद्री. हा महासीर जातीचा. शिरूरजवळ घोड नदीत आणखी एक मोठा मासा मिळाला, त्याचे नाव मुसुल्ला. दोन्ही नावे छापून गेली. इकडे दक्षिणेत कावेरीत महासीरची एक वेगळीच जात होती. पाठीवर उंट असावा तसा कुबड, पर नारिंगी, आणि वजन पन्नास किलोच्याही वर. १९४६ साली कावेरीला मिळणाऱ्या कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने गळावर धरलेला महासीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. परदेशातून साहेब लोक मुद्दाम या माशासाठी कावेरीवर येत. थॉमस नावाच्या मद्रासकडच्या एका अधिकाऱ्याने तर १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर ग्रंथच लिहिला आणि आपल्याकडचा महासीर विलायतेच्या सामन माशाहून सरस झुंजतो असा निवाडा दिला.

एवढा नामांकित मासा, पण त्याला धड शास्त्रीय नाव नव्हते. १९४३ नंतर अभ्यासकांनी त्याच्यावर आपल्या घोड नदीतल्या मुसुल्ल्याचे नाव चिकटवले. घोड नदीतला मुसुल्ला मुळात महासीरच नव्हे, तो कोळसाच्या कुळातला, हे नीट दाखवले गेले २०१३ साली. म्हणजे सत्तर वर्षे दक्षिणेतला पाहुणा महाराष्ट्रातल्या भलत्याच माशाच्या नावावर फिरत होता.

याच काळात लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या तलावावर महासीरची अंडी काढून पिले वाढवण्याचे काम सुरू झाले. काम मोलाचे होते, हेतूही चांगला होता. धरणांनी महासीर संपत चालला होता. पण तिथे वाढवला जात होता तो खुद्री, साइक्सचा पुण्याकडचा निळसर परांचा महासीर. त्याची पिले अनेक राज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली. महासीर तो महासीर, असाच सर्वांचा समज. खुद्री कावेरीत छान रुजला, वाढला. गळाला महासीर लागतात म्हणून सगळे खूश. पण हळूहळू लक्षात आले की लागतात ते निळ्या पराचे. कुबडवाला नारिंगी दिसेनासा झाला. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी ही कारणे होतीच, पण या उपऱ्या भावाचीही त्यात भर पडली. शेवटी २०१८ साली अभ्यासकांनी ठरवले की कावेरीच्या कुबडवाल्याचे खरे शास्त्रीय नाव 'रेमादेवी' आहे. हे नाव केरळातल्या पांबार नदीतल्या माशावरून २००७ सालीच दिले गेले होते. नाव सापडले त्याच वर्षी जगातल्या अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याची नोंद करावी लागली. ज्याला स्वतःचे नाव नव्हते त्याची मोजदाद कोण ठेवणार? सातबारावर नाव नसलेल्या कुळाची गत काय होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

महासीरचे नाव निघाले म्हणून रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळण कोंडीचाही उल्लेख करावा लागेल. काळ नदीच्या त्या खोल डोहात मोठमोठे महासीर आहेत. वरदायिनी देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही. लोक त्यांना देवमासे म्हणतात. आपली मुले शाळेत देवमासा म्हणजे समुद्रातला व्हेल असे शिकतात आणि तो मासाच नव्हे असेही शिकतात. तरीही कोंडीतल्या देवमाशाला त्या नावाने जेवढे राखले तेवढे कोणत्या कायद्याने राखले नसते.

आता जरा समुद्रापलीकडे जाऊ. आमच्या शेजारच्या घरातला एक मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. सुटीवर आला की सांगतो, तिकडे रविवारी माणसे गळ घेऊन नदीकाठी जातात. त्यासाठी सरकारी परवाना काढावा लागतो, पैसे भरून. अमुक इंचांहून लहान मासा पाण्यात परत सोडावा लागतो. पुष्कळ जण तर मोठा मासाही धरतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि सोडून देतात. हे ऐकून त्याची आजी म्हणाली, "आरं बाबा, सोडायचाच व्हता तर धरला कशाला? त्याला बी तरास आन् तुला बी." पोराला उत्तर देता आले नाही. आजी माळकरी, त्यामुळे तिला दुसरी बाजू पटण्याचाही संभव नव्हता.

इंग्लंडातही तोच रिवाज. तिथे तर १५ मार्च ते १५ जून नद्यांवर असा गळ टाकायला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आपल्याकडे मासा वीण घालतो पहिल्या पावसात. नदीला नवे पाणी आले की गाभोळी भरलेला मासा ओढ्यांकडे चढतो, आणि नेमका त्याच वेळी आपण ओढ्याच्या तोंडाशी जाळे लावून बसतो. एका मादीच्या पोटात लाखभर अंडी असू शकतात. चढणीच्या माशाची चव न्यारी असते हे कबूल, पण ती फार महाग पडते. इथे मला साहेबाची चाल पटते.

नावांचा गोंधळ तिकडेही आपल्यासारखाच. अमेरिकेत ज्याला वॉलआय म्हणतात त्याला कॅनडात पिकरेल म्हणतात, आणि अमेरिकेत पिकरेल म्हणजे दुसराच मासा. बर्बट नावाचा एक बुळबुळीत मासा आहे. त्याला काही भागांत चक्क वकील म्हणतात. हातातून निसटतो म्हणून! आपल्या तालुक्याच्या कोर्टात खेटे घातलेल्या कोणालाही हे नाव आवडेल.

पण तिथे नावावरून खरेखुरे भांडण झाले ते शेतकऱ्यांचे. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात, जिथे पूर्वी कापूस होत असे, तिथल्या शेतकऱ्यांनी १९६० नंतर रानात तळी खोदून कॅटफिश पाळायला सुरुवात केली. कॅटफिश म्हणजे मांजरासारख्या मिशांचा मासा, आपल्या शिंगट्याच्या रूपाचा. धंदा चांगला चालला. मग व्हिएतनामातून, मेकाँग नदीकाठच्या शेतकऱ्यांनी वाढवलेला स्वस्त मासा तिकडे येऊ लागला. तोही मिशाळ, तोही कॅटफिश म्हणूनच विकला जाई. अमेरिकन शेतकऱ्यांनी ओरड केली. २००२ साली तिथे कायदाच झाला की आमच्या खंडातल्या कुळाचा मासा तेवढाच कॅटफिश, बाकीच्यांनी दुसरे नाव घ्यावे. व्हिएतनामच्या माशाने मग आपली घरची नावे लावली, त्रा आणि बासा. ग्राहक काही कमी झाले नाहीत. आज पुण्या-मुंबईच्या हॉटेलात बासा म्हणून जो पांढरा तुकडा मिळतो तो याच कुळातला. आपल्याकडे तळ्यात पाळतात तेव्हा त्याला पंगस म्हणतात. बाजारात पंगस स्वस्त आणि हॉटेलात बासा महाग, यात माशाचा काय दोष?

आपल्या मरळीच्या एका चिनी बहिणीची कथा याहून वेगळी. २००२ साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका तळ्यात ती सापडली. कोणीतरी जिवंत विकत आणून तिथे सोडली होती. पाण्याबाहेर श्वास घेणारी, इतर मासे खाणारी ही जात तिकडच्या नद्यांत पसरेल म्हणून सरकारने तळ्यात औषध ओतून सगळे मासे मारले आणि मरळीच्या सबंध कुळाला देशात जिवंत आणायला बंदी केली. तिकडचे तिचे नाव स्नेकहेड, म्हणजे सापतोंड्या. तरी ती पसरलीच. लोकांनी धरून खावी असे सरकारला वाटू लागले, पण सापतोंड्या कोण खाणार? म्हणून २०२४ साली मेरीलँडने नाव बदलून 'चेसापीक चन्ना' केले. चन्ना हे मरळ कुळाचे शास्त्रीय नाव. आपल्या चण्याशी त्याचा संबंध नाही.

असेच आपल्या चंदेऱ्याचे. चंदेरा आणि गवत्या हे चिनी मासे भारतात १९५९ साली आले, इथे तळ्यात मुकाट्याने वाढले. अमेरिकेत मात्र तळ्यांतून सुटून मिसिसिपीच्या खोऱ्यात त्यांचा सुळसुळाट झाला. मोटरबोटीचा आवाज झाला की चंदेरे थवेच्या थवे पाण्याबाहेर उड्या मारतात, बोटीतल्या माणसांना लागतात. तिथेही २०२२ साली इलिनॉय राज्याने त्यांचे नाव 'कोपी' ठेवून खपवण्याचा खटाटोप केला.

एवढे लांब कशाला जायचे? आपल्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला पाहा. बंगालचा इलिश मासा समुद्रातून गोदावरीच्या मुखात शिरतो आणि पुराच्या लाल पाण्यात वर चढतो. समुद्रात असेतो तो साधा विलसा. नदीचे गोडे पाणी लागले की त्याचे नाव होते पुलसा, आणि भाव कितीतरी पटींनी चढतो. गळ्यातले मंगळसूत्र विकावे पण पुलसा खावा, अशी तिकडे म्हण आहे. मंजरथला आपण ज्या पाण्यात आंघोळ करतो तेच पाणी शेवटी तिकडे जाते, निदान धरणांनी सोडले तेवढे तरी. पण पुलसा आपल्यापर्यंत कधी येणार नाही. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ साली पुऱ्या केलेल्या बंधाऱ्याने त्याची वाट अडवली.

पुन्हा आपल्या शेततळ्याकडे येऊ, कारण नावाचा खरा चटका आपल्याला तिथे बसतो. मत्स्यबीज विकत घेताना 'मिश्र बीज' म्हणून पिशवी हाती पडते. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तिन्ही असले तर सगळ्या पाण्याचा उपयोग होतो. पण जिऱ्याएवढ्या पिलांत कटला कोणता न् मृगळ कोणता, हे नवख्याला ओळखता येत नाही. पिशवीत निम्म्याहून अधिक मृगळ आणि वर सायप्रिनस निघाले तर सगळे तळाशीच गर्दी करतात, सायप्रिनस बांध उकरतो, आणि वरचे पाणी रिकामे राहते. म्हणून बोटाएवढी, म्हणजे बोटुकली झालेली पिलेच घ्यावीत. तेवढी वाढली की कटल्याचे मोठे डोके आणि वर वळलेले तोंड स्पष्ट दिसते. पावतीवर जातवार संख्या लिहून मागावी.

दुसरी फसवणूक मांगुराची. आपला देशी मांगूर औषधी मानला जातो, त्याला भाव चांगला. त्याच्या नावाखाली 'थाई मांगूर' विकायला येतो. हा थाईही नव्हे, तो आफ्रिकेचा. कुजके मांसही खातो, झपाट्याने वाढतो, आणि पुरात तळे फुटले तर नदीतले सगळे गिळतो. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनाला बंदी केली. पुढे राष्ट्रीय हरित लवादानेही ती उचलून धरली आणि महाराष्ट्रात मत्स्यव्यवसाय खात्याने ठिकठिकाणची तळी मोकळी केली. देशी मांगूर सहसा पाव-अर्ध्या किलोच्या पुढे जात नाही. कोणी दोन-तीन किलोचा मांगूर दाखवून त्याचेच बीज देतो म्हणाला, तर तो आपला मांगूर नव्हे हे समजून घ्यावे आणि पैसे खिशातच ठेवावेत.